रान ओलं, अ‍ॅपवर कोरडं: जमिनीतल्या सेन्सरचा आकडा पटत नसेल तर काय तपासायचं

जुन्नर, शिरूर, दौंड, इंदापूर, पुणे जिल्ह्यातला कुठलाही तालुका घ्या. शेतात ओलाव्याचे सेन्सर किंवा छोटं हवामान केंद्र बसवलेल्यांकडून सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार एकच असते: ‘काल रात्रीच पाणी दिलंय, रानात पाय ठेवता येत नाही, आणि अ‍ॅप म्हणतंय पाणी द्या.’ पहिल्या वेळी शेतकरी कंपनीला फोन करतो. कंपनीचा माणूस येतो, काहीतरी रीसेट करतो आणि जातो. महिन्याभराने पुन्हा तेच. मग अ‍ॅप उघडणंच बंद होतं. खांब रानात उभा असतो, हप्ता चालू असतो आणि पाण्याची पाळी पुन्हा अंदाजानेच ठरते.

शेतकरी गटांसोबत हे काम करताना माझं एक मत पक्कं झालंय. यंत्र खरोखर बिघडलंय असं फार कमी वेळा होतं. बहुतेकदा सेन्सरला माती नीट चिकटलेली नसते, किंवा तो अशा जागी असतो जिथे ते पीक पाणी पीतच नाही, किंवा अ‍ॅपमधली ‘पाणी द्या’ची पातळी त्या जमिनीसाठी कुणी लावलेलीच नसते. हे सगळं शेतकऱ्याला स्वतः ओळखता येतं आणि बरंचसं स्वतःच दुरुस्तही करता येतं.

आधी खुरपं, मग मोबाईल

आकडा पटला नाही की पहिल्यांदा रानात जा. सेन्सरपासून हातभर अंतरावर, त्याच ओळीत, ड्रिपरपासून (ठिबकच्या थेंब सोडणाऱ्या तोटीपासून) तितक्याच लांब, सेन्सर जितका खोल आहे तितकंच उकरा. वरची माती बघून उपयोग नाही. वरची दोन बोटं सुकलेली आणि खाली रबडी, किंवा वर चिखल आणि खाली धूळ, असं दोन्ही रोज दिसतं.

खालची मूठभर माती घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला, तळहात ओलसर झाला पण पाणी निथळलं नाही, तर वाफसा आहे, म्हणजे मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळतील एवढाच ओलावा. बोटांच्या फटीतून पाणी किंवा चिखल आला तर रान अजून जास्त ओलं आहे. गोळा होतो पण टोचल्यावर फुटतो, तर पाण्याची वेळ जवळ आली. गोळाच होत नसेल तर उशीर झालाय. ही परीक्षा आपल्याकडे प्रत्येक जुन्या शेतकऱ्याला येते, आणि सेन्सरची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगलं साधन तुमच्या हाताशी नाही.

आता अ‍ॅप उघडा. हात आणि आकडा जुळले तर सेन्सर बरोबर आहे आणि गोंधळ पातळीचा आहे. त्याचं खाली सविस्तर सांगतो. जुळले नाहीत तर गोंधळ जमिनीखाली आहे.

आकड्याकडे नको, रेषेकडे बघा

अ‍ॅपमध्ये मागच्या दहा-पंधरा दिवसांचा आलेख असतो. पाणी दिलेल्या दिवशी त्याने काय केलं तेवढंच बघायचं.

रेषा अगदी सपाट असेल, पाणी दिलं तरी हललीच नसेल, तर सगळ्यात आधी ‘शेवटची नोंद’ किती वाजताची आहे ते वाचा. कित्येकदा चार दिवसांपूर्वीचा आकडाच पडद्यावर अडकलेला असतो. नोंद ताजी असेल तर वायर बघा. उंदीर आणि घुशी वायर कुरतडतात, आंतरमशागतीत खुरपं किंवा पॉवर टिलर लागतो. उघडी वायर कधीही पुरू नका. ती जाड पाईपातून न्या आणि पाईपाची दोन्ही तोंडं बंद करा.

वायर शाबूत, नोंद ताजी आणि तरीही रेषा हलत नाही? मग पाणी तिथपर्यंत पोचतच नाही. शेजारचा ड्रिपर चोंदलाय का बघा. ठिबकच्या प्रत्येक ड्रिपरखाली ओलाव्याचा एक गोळा तयार होतो. हलक्या मुरमाड रानात तो उभट असतो, भारी रानात पसरट. सेन्सर त्या गोळ्याच्या बाहेर बसला तर त्याला कायम उन्हाळाच दिसणार, आणि ड्रिपरच्या अगदी खाली बसला तर कायम चिखल. ड्रिपरपासून साधारण १५ ते २० सेंटिमीटर बाजूला आणि पांढऱ्या मुळ्या जास्त असतील त्या खोलीवर तो हवा. कांद्याला १० ते १५ सेंटिमीटर पुरे. टोमॅटोला एक १५-२० वर आणि दुसरा ३०-४० वर. उसाला आणि द्राक्षाला वरचा साधारण ३० वर, खालचा ६० च्या आसपास. पिकाचं पाणी वरचा सेन्सर सांगतो. खालच्याचं काम वेगळं आहे: पाणी दिल्यावर प्रत्येक वेळी तोही उसळी मारत असेल, तर तुमचं पाणी आणि त्यातलं खत मुळांच्या खाली चाललंय.

रेषा दिवसा थोडी वर आणि रात्री थोडी खाली अशी रोज हलत असेल तर काळजी नको. वरच्या थरातल्या सेन्सरवर तापमानाचा परिणाम होतो. रोज एकाच वेळेचा आकडा धरा; पहाटे सहाचा सगळ्यात बरा.

नीरेच्या कालव्याखाली किंवा जिथे जमीन क्षारपड झालीय तिथे उलटी तक्रार असते: आकडा कायम जास्त, खालीच येत नाही. विजेवर चालणारे बरेच सेन्सर क्षाराने फसतात, क्षाराला ओलावा समजतात. ठिबकमधून विद्राव्य खत सोडल्यावर आकडा एकदम चढला तर तेही हेच. अशा रानात आकड्याच्या उंचीवर विसंबू नका, तो किती वेगाने उतरतोय ते बघा.

काळ्या रानातली भेग

आता या सगळ्यातलं मुख्य. भारी काळ्या जमिनीत येणाऱ्या तक्रारींमध्ये हे कारण इतक्या वेळा निघतं की एप्रिल-मेमध्ये फोन आला की मी आधी हेच विचारतो: ‘रानाला भेगा पडल्यात का?’

दौंडकडच्या एका उसाच्या रानातलं सांगतो. अ‍ॅपवर आकडा १४ टक्के. शेतकरी काका म्हणाले, ‘तुमचं यंत्र खोटं बोलतंय, मी तीन दिवसांपूर्वी पाणी दिलंय.’ हातभर अंतरावर उकरलं तर मूठ ओली, गोळा पक्का. मग सेन्सरच्या बाजूची माती हलक्या हाताने काढत गेलो. सेन्सरच्या एका अंगाने माती आकसून मागे सरकली होती आणि मध्ये आगकाडी सहज जाईल एवढी फट होती. फटीत उसाच्या बारीक मुळ्या उतरल्या होत्या. सेन्सरची एक बाजू माती वाचत होती, दुसरी चक्क हवा.

हे का होतं ते कळलं की दुरुस्ती आपोआप सुचते. हा सेन्सर भोवतीचा पदार्थ विजेला कसा प्रतिसाद देतो ते मोजतो. त्या मापात पाण्याचा आकडा ८० च्या आसपास असतो, कोरड्या मातीचा तीन ते पाच आणि हवेचा एक. शिवाय तो भोवतालची जेमतेम काही सेंटिमीटर माती वाचतो. त्यामुळे अंगाला चिकटून थोडी जरी हवा आली तरी आकडा धाडकन पडतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, तो तिचा स्वभाव आहे. उन्हाळ्यात फट पडते, जून-जुलैच्या पावसात माती फुगून फट बुजते आणि सेन्सर ‘आपोआप’ बरा होतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. कंपनीने सेन्सर बदलून दिला तरी तक्रार परत येते ती याचमुळे. नवा सेन्सर त्याच फटीत बसतो.

भेगेची दुसरी खूणही आलेखात दिसते. पाणी सुटलं की रेषा एकदम उभी चढते आणि काही तासांतच तितक्याच वेगाने कोसळते. पाणी मातीतून झिरपत न येता फटीतून सरळ खाली गेलं, त्याचं हे चित्र.

दुरुस्ती अशी. भेग आधीच असलेली जागा सोडा, दोन-तीन फूट सरका. पाणी देऊन वाफसा येऊ द्या आणि मगच खड्डा घ्या. कडक वाळलेल्या रानात सेन्सर बसवणं म्हणजे पुढच्या फटीची तयारी. खड्डा घेताना निघालेली माती थराप्रमाणे वेगळी ठेवा. दात असलेला सेन्सर असेल तर खड्ड्याच्या न हललेल्या भिंतीत आडवा दाबून बसवा, खडा लागला तर जोर न करता जागा बदला. नळीसारखा उभा सेन्सर असेल तर त्याच्या मापाच्याच गिरमिटाने भोक पाडा. त्याच भोकातली माती चाळून, खडे काढून, पाण्यात कालवून दाटसर रबडी करा, ती भोकात ओता आणि सेन्सर हळूहळू खाली दाबा, म्हणजे हवा वर निघून जाते. बाहेरची वाळू किंवा पोयटा आणून भरू नका. मग सेन्सर त्या वाळूचाच ओलावा सांगत बसेल. माती भरताना खालची खाली, वरची वर, आणि प्रत्येक थर हाताने दाबून. वायर सरळ वर न आणता खड्ड्यात एक झोळ देऊन आणा, नाहीतर पावसाचं पाणी वायरीच्या अंगाने थेट सेन्सरवर उतरतं.

यानंतर दोन पाण्याच्या पाळ्या होईपर्यंत आकड्यावर निर्णय घेऊ नका. माती बसायला तेवढा वेळ लागतो. आणि सेन्सरभोवती वीतभर पाचट किंवा काडीकचऱ्याचं आच्छादन कायम ठेवा, पण बाकीच्या ओळीतही तसंच आच्छादन असेल तरच. नाहीतर सेन्सरची जागा रानापेक्षा वेगळी होऊन बसते.

६० म्हणजे ओलं की कोरडं?

हा घोटाळा साधा आहे, पण यात पिकं गेलेली आहेत. काही यंत्रं ओलाव्याची टक्केवारी देतात: आकडा मोठा तर रान ओलं. टेन्सिओमीटर आणि जिप्समच्या जातीचे सेन्सर मुळांना पाणी ओढायला किती ताण पडतो तो सेंटिबारमध्ये सांगतात: आकडा मोठा तर रान कोरडं. गटात एकाकडे एक, दुसऱ्याकडे दुसरं. चावडीवर दोघं आकडे जुळवून बघतात आणि दोघांचाही विश्वास उडतो. यंत्राच्या खांबावरच ऑईलपेंटने लिहून ठेवा, ‘आकडा वाढला = रान वाळलं’ किंवा उलट.

टेन्सिओमीटरवाल्यांसाठी एक गोष्ट. तो साधारण ८० सेंटिबारपर्यंतच काम करतो. त्यापुढे नळीत हवा शिरते, पाणी तुटतं आणि काटा शून्याकडे येतो, म्हणजे अगदी कोरड्या रानात तो ‘ओलं’ दाखवतो. नळी उकळून थंड केलेल्या पाण्याने भरा, बुडबुडे काढा, झाकण घट्ट लावा.

टक्केवारीवाल्यांचा त्रास वेगळा. अ‍ॅपमध्ये कंपनीने जी पातळी लावून दिलेली असते ती बहुधा मध्यम जमिनीची. पण २२ टक्के ओलावा हलक्या मुरमाड रानात भरपूर झाला, आणि इंदापूरच्या भारी काळ्या रानात त्याच २२ टक्क्यांवर पीक माना टाकायला लागतं, कारण चिकणमाती त्यातलं बरंचसं पाणी स्वतःकडेच घट्ट धरून ठेवते. एकाच गावात ओढ्याकडचं रान आणि माळाकडचं रान यांना एक पातळी चालणार नाही.

म्हणून पातळी स्वतः लावा. भरपूर पाणी किंवा चांगला पाऊस झाल्यावर हलक्या रानात दुसऱ्या दिवशी, भारी रानात तीन-चार दिवसांनी वाफसा येतो. मुठीची परीक्षा घ्या आणि त्या पहाटेचा आकडा लिहा: ही तुमची वरची रेघ. मग पाळी लांबवत जा आणि ज्या दिवशी तुमचा स्वतःचा हात म्हणेल ‘आज पाणी हवं’, त्या दिवशीचा आकडा लिहा: ही खालची रेघ. पीक कोमेजायची वाट बघायची नाही. असं दोन-तीन पाळ्यांना करा आणि मग हे दोन आकडे अ‍ॅपमध्ये भरा, किंवा कंपनीला भरायला लावा. या दोन रेघा शेतकऱ्याने स्वतः ठरवल्या की अ‍ॅपकडे बघायची नजरच बदलते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तोवर आकडा परका असतो.

खालची रेघ भरताना लाईटचा हिशेब धरा. अजून अनेक गावांत शेतीची लाईट आठवड्याच्या चक्राने कधी दिवसा, कधी रात्री मिळते. इशारा दुपारी बाराला आला आणि लाईट रात्री दहाला येणार असेल, त्यात डीपी जळालेला असेल, तर तो इशारा एक-दोन दिवस आधीच यायला हवा होता. खालची रेघ तेवढी वर सरकवा.

पावसाचा आकडा गावाशी जुळत नाही

हवामान केंद्राबद्दलची ही नेहमीची तक्रार. पहिलं कारण घड्याळाचं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. तुमचं अ‍ॅप बहुधा रात्री बारा ते बारा मोजतं. त्यामुळे एकच पाऊस दोघांकडे दोन वेगळ्या तारखांना दिसू शकतो. दोन-तीन दिवसांची बेरीज करून बघा, बरेचदा तिथेच जुळतं.

दुसरं, पाऊस खरंच वेगळा पडलेला असू शकतो. आपल्याच जिल्ह्यात लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आसपास. वळवाचा पाऊस तर एका शिवारात झोडपतो आणि शेजारच्या शिवारात धूळही बसत नाही. महसूल मंडळाच्या ठिकाणच्या केंद्राचा आकडा तुमच्या बांधावर लागू होईलच असं नाही. स्वतःचं केंद्र घेण्याचं कारणच ते आहे.

तरी शंका असेल तर पर्जन्यमापक तपासा. वरच्या नरसाळ्यात पाला, चिमण्यांची विष्ठा, कोळ्याचं जाळं, गांधीलमाशीचं घर यातलं काहीतरी हमखास सापडतं. साफ करा. मग नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास मोजा. एक लिटर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ती नरसाळ्यात उलटी धरा, पाणी अर्ध्या-पाऊण तासात थेंबथेंब संपलं पाहिजे. तोंड २० सेंटिमीटरचं असेल तर अ‍ॅपवर सुमारे ३२ मिलिमीटर पाऊस दिसायला हवा, १६ सेंटिमीटरचं असेल तर सुमारे ५०. थोडाफार फरक चालतो. निम्माच दिसला तर पाऊस मोजणारी आतली डुलणारी वाटी अडकतेय किंवा खांब तिरका झालाय. पाणी एकदम ओतू नका, वाटीला मोजायला वेळ मिळत नाही. तपासणीचा हा खोटा पाऊस नोंदीत जाईल, तेवढं गटावर कळवा.

केंद्र झाडाखाली किंवा पंपघराच्या भिंतीला लागून असेल तर हे सगळं व्यर्थ. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ते उभं करा. चोरीच्या भीतीने लोक घराजवळ बसवतात, ते समजतं, पण पत्र्याच्या शेजारचं तापमान पिकाचं तापमान नसतं.

द्राक्षवाल्यांनी पान ओलं राहण्याचा वेळ मोजणाऱ्या सेन्सरवर लक्ष ठेवा. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीचा (केवडा रोगाचा) इशारा त्याच्यावर अवलंबून असतो. फवारणीचा थर त्यावर साचला की तो कोरडा असूनही ओला दाखवतो आणि नसलेल्या धोक्यासाठी फवारणी होते. दर फवारणीनंतर साध्या पाण्याने, मऊ कापडाने पुसा.

केंद्र बंद पडतं, पुन्हा सुरू होतं

कधी बंद पडतं ते बघितलं की कारण सापडतं. रात्री बंद आणि सकाळी दहानंतर चालू: बॅटरी संपत आलीय किंवा सौर पॅनलवर धूळ आहे. मार्च ते मे दर पंधरवड्याला पॅनल पुसा. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत जुनी बॅटरी हमखास दगा देते, म्हणून ती मेमध्येच तपासून घ्या. एका तारखेला बंद पडलं ते पडलंच: सिमचं रिचार्ज संपलं. घेतानाच विचारून ठेवा की सिम कुणाच्या नावावर आहे आणि वर्षानंतर पैसे कुणी भरायचे. दिवसभर तुटक नोंदी येतात: रेंज. काही जुन्या यंत्रांत फक्त २जी चालतं आणि जिओचं २जी नाहीच. अशा यंत्रात जिओचं सिम घालून उपयोग नाही. ऊस डोक्यावर गेला की अँटेना उसाच्या आत बुडतो, तेव्हा खांब वाढवावा लागतो.

अ‍ॅप कुणाच्या मोबाईलवर आहे?

पुष्कळ घरांत अ‍ॅप मुलाच्या फोनवर असतं, मुलगा हिंजवडीत किंवा चाकणला नोकरीला, आणि व्हॉल्व्ह फिरवतात आई, वडील किंवा सालगडी. इशारा एकाला, काम दुसऱ्याकडे. जो माणूस पाणी देतो त्याच्या फोनवर मराठीत संदेश जाईल अशी सोय करून घ्या, आणि साधा फोन असेल तर एसएमएस किंवा कॉलचा पर्याय मागा. रोज पाच इशारे येत असतील तर चार बंद करा. पाण्याचा एक आणि रोगाचा एक, एवढे पुरेत. पाण्याचा इशारा आला की मोटार चालू करण्याआधी हवामान खात्याच्या मेघदूत अ‍ॅपवर आपल्या जिल्ह्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला बघा. उद्या पाऊस असेल तर एक दिवस थांबायला हरकत नसते.

पंपघराच्या भिंतीवर एक कॅलेंडर टांगा आणि पाणी देताना रोज दोनच गोष्टी लिहा: सेन्सरचा आकडा, आणि मुठीतल्या मातीवरून तुमचं मत, ‘ओलं’, ‘वाफसा’ किंवा ‘कोरडं’. एक हंगाम हे केलंत तर सेन्सर कधीपासून चुकायला लागला ते तारखेसह दिसतं.

एवढं सगळं करूनही आकडा पटत नसेल तर मात्र कंपनीला बोलवा. तेव्हा त्या कॅलेंडरच्या पानाचा फोटो, पंधरा दिवसांचा आलेख आणि उकरलेल्या खड्ड्याचा फोटो आधीच पाठवा. माणूस आला की त्याला नुसतं रीसेट करून जाऊ देऊ नका. सेन्सर तुमच्यासमोर बाहेर काढायला सांगा, आधी हवेत धरून आणि मग बादलीभर पाण्यात बुडवून दोन्ही आकडे बघा. टक्केवारी दाखवणाऱ्या सेन्सरचा हवेत जवळपास शून्य आणि पाण्यात सगळ्यात वरचा आकडा आला तर सेन्सर चांगला आहे, तोच नव्या जागी रबडी करून बसवून घ्या. नाही आला तर तो वॉरंटीत बदलून मागा, आणि बदललेला सेन्सर जुन्या भोकात बसवू देऊ नका.